मडक्यात ठेवलेले खरेदीखत

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय ३२, ओव्या ६ ते १५



यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतले, तो काळ शेत घेण्याचा नव्हता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. नगरात अन्नाचा तुटवडा होता आणि स्वतः संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल त्याच्याकडे आला व अनाथोथ गावातील शेत घेण्याविषयी त्याने त्याला विनंती केली, कारण ते शेत सोडवून घेण्याचा हक्क नात्याने यिर्मयाचा होता. जो मुलूख शत्रूच्या हाती जाणार हे यिर्मयाला इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते, त्याच मुलखातील ते शेत त्याने घेतले. त्याने १७ शेकेल रुपे तोलून दिले, खत लिहून त्यावर सही केली, मोहर लावली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आणि एक मोहरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती सर्वांच्या देखत बारूखाच्या हाती देऊन त्या मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगितले. हेतू एवढाच की, ते कागद पुष्कळ दिवस टिकावेत.

आपल्यापैकी कित्येकांना वाटते की, मृत्युपत्र करणे, वाटणीविषयी बोलणे, सातबारा पाहून ठेवणे ही अविश्वासाची लक्षणे आहेत. देव मुलाबाळांची काळजी घेईल, मग कागद कशाला, असे ते म्हणतात. दुसरे कित्येक मरणाचे नाव घेणे अशुभ मानतात. ही जुनी भीती आहे. प्रभूमध्ये आल्यावरही ती आपण दाराबाहेर ठेवलेली नाही. यिर्मयाकडे पाहा. त्याचा विश्वास त्याने खतावर, साक्षीवर व मडक्यावर दाखवला. ह्या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देवाने सांगितले होते, म्हणून त्याने कागद नीट ठेवले. जो पुढच्या दिवसांवर विश्वास ठेवतो तोच पुढच्या दिवसांची तजवीज करतो.

मौनाचे फळ

आता ज्याने अशी तजवीज वेळेवर केली नाही त्याच्याकडे पाहू या. पहिले राजे ह्या पुस्तकाच्या आरंभी दावीद राजा म्हातारा व अशक्त झालेला दिसतो. आपल्यामागे गादीवर कोण बसेल हे त्याने बथशेबेला शपथेवर सांगितले होते, परंतु ते लोकांसमोर उघड केले नव्हते. अदोनीयाला तर बापाने जन्मात कधी विचारलेही नव्हते की, तू असे का करतोस. परिणाम काय झाला? बाप जिवंत असतानाच एन-रोगेलाजवळ अदोनीयाने मेजवानी केली व स्वतःस राजा म्हणवून घेतले. नाथान संदेष्टा व बथशेबा धावत राजाकडे गेली तेव्हा कोठे शलमोनाचा अभिषेक झाला. पुढे अदोनीया भावाच्याच आज्ञेने मारला गेला. अदोनीयाचा लोभ मोठा होता हे खरे. पण त्या लोभाला बापाच्या मौनाने वाट करून दिली.

आपल्या गावांत राजगादी नाही. दोनचार एकर जमीन, एक विहीर, बैलजोडी, दूधसंस्थेचे व साखर कारखान्याचे शेअर एवढेच असते. परंतु भांडण तितकेच कडू होते. बापाला माती देऊन आठ दिवस होत नाहीत तोच एक भाऊ तलाठ्याकडे जातो, दुसरा वकिलाकडे जातो आणि विधवा आई दोघांच्या दारात उभी राहते. लग्न झालेल्या बहिणीला बोलावून तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवतात व म्हणतात, बाई, येथे अंगठा कर, नाहीतर तुझे माहेर तुटले. मग पुढील रविवारी उपासनेत एक भाऊ उजवीकडे बसतो व दुसरा डावीकडे, आणि प्रभुभोजनाच्या वेळी दोघेही मान खाली घालतात. पाळकबंधूंनो, उपदेशकांनो, हे तुम्ही पाहिलेले नाही काय?

आपला कायदा काय सांगतो

पहिली अडचण अज्ञानाची आहे. आपल्या पुष्कळ मंडळींची समजूत अशी की, शेजाऱ्याला जो वारसाचा कायदा लागू आहे तोच आपल्यालाही आहे. तसे नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा ख्रिस्ती मनुष्याला लागू होत नाही. जो ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता मरतो त्याच्या मालमत्तेची विभागणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने होते. त्या कायद्यात जन्मतःच बापाच्या जमिनीत मुलाचा वाटा असतो असे नाही. बाप जिवंत आहे तोवर तो आपल्या जमिनीचा धनी आहे. त्याच्या मरणानंतर मात्र कायदा नेमून दिल्याप्रमाणे वाटे करतो.

ते वाटे असे. पत्नी व मुले मागे असतील तर एकतृतीयांश पत्नीला व दोनतृतीयांश मुलांना. मुलांमध्ये मुलगा व मुलगी असा भेद नाही. लग्न झालेली मुलगी व न झालेली मुलगी असाही भेद नाही. ९ एकर जमीन, मागे विधवा, दोन मुलगे व एक मुलगी, असे घर धरा. विधवेचे ३ एकर. उरलेल्या ६ एकरांत तिघांना २-२ एकर. एखादा मुलगा बापाच्या आधीच वारला असेल, तर त्याचे २ एकर त्याच्या मुलांना. मूलबाळ नसेल तर अर्धे विधवेचे व अर्धे मृताच्या रक्ताच्या नातलगांचे : बाप जिवंत असेल तर ते अर्धे बापाला, नसेल तर आई, भाऊ व बहिणी यांना सारखे. पत्नी आधी वारली तर तिच्या नावावरील मालमत्तेत पतीचा हक्क ह्याच प्रमाणात असतो.

मुलींचा हक्क ही इंग्रजांनी आणलेली नवी चाल आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने गणना ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढावा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाला मुलगा नाही एवढ्यासाठी त्याचे नाव का बुडावे, असे त्यांनी विचारले. मोशेने स्वतः निकाल दिला नाही. तो गाऱ्हाणे घेऊन देवाकडे गेला आणि देवाने त्या मुलींची बाजू रास्त ठरवली. ईयोबाला तर मुलगे असतानाही त्याने आपल्या मुलींना भावांबरोबर वतन दिले.

तरी आपणा ख्रिस्ती लोकांचा इतिहास ह्या बाबतीत निर्मळ नाही. त्रावणकोर संस्थानात १९१६ साली ख्रिस्ती लोकांसाठी जो वारसा कायदा झाला त्यात मुलीचा वाटा मुलाच्या चौथाईएवढा किंवा ५,००० रुपये, ह्यांपैकी जो कमी तोच ठेवला होता. मेरी रॉय ह्या ख्रिस्ती बाईने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली न्यायालयाने निकाल दिला की, तेथेही १९२५ चाच कायदा चालतो. एका ख्रिस्ती मुलीला बापाच्या घरातील वाटा मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, ही गोष्ट आपण मान खाली घालून वाचावी.

गोव्यात ज्यांची जमीन आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथे नियम निराळा आहे. पोर्तुगीज अमलापासून चालत आलेल्या तेथील व्यवस्थेत मुलांसाठी राखलेला अर्धा भाग मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

जी मंडळी हिंदू घरातून प्रभूकडे आली त्यांचा आणखी एक प्रश्न असतो : मूळ घरातील वाटा गेला काय? धर्म बदलला एवढ्यावरून मनुष्याचा वारसाहक्क जप्त होऊ नये असा कायदा ह्या देशात १८५० सालीच झाला होता. १९५६ च्या कायद्याचे २६ वे कलम बाप्तिस्मा घेणाऱ्या व्यक्तीचा हक्क काढून घेत नाही. परंतु धर्मांतरानंतर जन्मलेली मुले व त्यांची संतती हिंदू नातलगांची वारस होऊ शकत नाहीत, जर वारसा उघडतेवेळी ती स्वतः हिंदू नसतील तर. यास्तव अशा बंधूंनी आपले प्रकरण आपल्याच हयातीत निकालात काढावे. मुलांवर टाकू नये.

मृत्युपत्र : नीट आणि वेळेवर

कायद्याचे वाटे न्यायाचे आहेत, परंतु कायद्याला तुमचे घर ठाऊक नाही. कोणता मुलगा नांगर धरतो, कोणता मुंबईस नोकरीला आहे, कोणती मुलगी विधवा होऊन परत आली, कोणते लेकरू पांगळे आहे, हे त्याला माहीत नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याच्या धारण जमिनीची सरासरी ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. पिढीमागून पिढी बांधावर बांध पडत गेले. १९४७ चा तुकडेबंदी कायदाही ठराविक मापापेक्षा लहान तुकडे पाडण्यास आडवा येतो. सलाफहादाच्या मुलींच्या कथेचा दुसरा भाग छत्तिसाव्या अध्यायात आहे : वंशाची जमीन वंशात राहावी ही वडीलमंडळींची काळजीही देवाने ऐकली. मुलीला न्याय मिळावा आणि शेत मोडू नये, ह्या दोन्ही गोष्टी त्याच्यापुढे मोलाच्या ठरल्या. म्हणून बापाने विचार करावा : जमीन कसणाऱ्याला जमीन, तर दुसऱ्याला घर किंवा पैसा किंवा जनावरे, आईला मरेपर्यंत राहण्याचे घर व अन्नाची खात्री. हे सर्व मृत्युपत्राने होऊ शकते.

परंतु जपा. ख्रिस्ती बापाला आपली सगळी मालमत्ता मनास येईल त्यास देण्याची मोकळीक आहे, आणि ही मोकळीक त्याच्या अंतःकरणाची परीक्षा आहे. मुलीला गाळण्यासाठी, रागावलेल्या मुलाला उपाशी ठेवण्यासाठी जो मृत्युपत्र लिहितो तो आपला राग आपल्यामागे जिवंत ठेवून जातो.

करण्याची रीत अवघड नाही. वयात आलेला व शुद्धीवर असलेला कोणीही मनुष्य मृत्युपत्र करू शकतो. त्याला मुद्रांक लागत नाही, भारदस्त भाषाही लागत नाही. गट नंबर, क्षेत्र व माणसांची नावे स्पष्ट असावीत. खाली सही किंवा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदार असावेत; प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ही माझीच सही असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने त्याच्यासमक्ष आपली सही करावी. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या पत्नीला अगर पतीला, साक्षीदार करू नये; केल्यास मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेली देणगी बुडते. ज्याने मृत्युपत्र करून मग लग्न केले त्याचे पहिले मृत्युपत्र रद्द होते. त्याने ते पुन्हा करावे. लहान मुलांसाठी बाप मृत्युपत्राने पालक नेमू शकतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करणे शहाणपणाचे आहे. मोहरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. यिर्मयाच्या मडक्याचे काम आज ही कचेरी करते. पूर्वी मृत्युपत्रावरून हक्क शाबीत करण्यास कित्येक ठिकाणी न्यायालयाचे प्रोबेट लागत असे. २००२ सालापासून भारतीय ख्रिस्ती लोकांवरील ती सक्ती निघाली आहे.

आणखी चार गोष्टी सांगतो. पहिली : बँकेत किंवा सोसायटीत ज्याचे नाव वारसनोंदीत घातले तोच मालक होतो असे समजू नका. पैसा त्याच्या हाती मिळतो, परंतु तो खऱ्या वारसांचा विश्वस्त असतो. शेअरांविषयी हेच मत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली पुन्हा सांगितले आहे. दुसरी : मरणानंतर वारसांनी ३ महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवून फेरफार घालून घ्यावा. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तरी त्यावर नाव नसलेल्या विधवेला पीककर्ज मिळत नाही की नुकसानभरपाई मिळत नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढारीपणाखाली लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि १९९२ साली राज्य सरकारने हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यास मुभा दिली. ख्रिस्ती पतीने ह्या बाबतीत मागे राहू नये. तिसरी : ज्यांच्याकडे जुनी वतनी जमीन आहे, जी १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यानंतर नव्या शर्तीवर परत मिळाली, त्यांनी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिले आहे काय ते पाहावे. अशी जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. दलालाच्या गोड बोलण्यावर अंगठा करू नये. चौथी : आधी कर्ज, मग वाटणी. सोसायटीचे व सावकाराचे देणे मृताच्या मालमत्तेतून प्रथम फिटते, मग वारसांना उरलेले मिळते. म्हणून देण्याघेण्याची यादी मृत्युपत्राबरोबरच ठेवावी.

हयातीतच सर्व देऊन टाकावे काय? उधळ्या पुत्राच्या बापाने मागताच वाटा दिला, आणि त्या पैशाचे काय झाले ते आपण जाणतो. जमीन मुलाच्या नावावर करून नंतर त्याच्याच ओसरीवर पराव्यासारखे बसलेले वृद्ध आपल्या गावांत आहेत. द्यावयाचेच असेल तर सांभाळ करण्याची अट खतात लिहून घ्यावी. अट लिहिलेली असूनही सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने ६० वर्षांवरील मनुष्याला ते खत रद्द करून मागता येते.

मंडळीला दान

मृत्युपत्रात प्रभूच्या कार्यासाठी काही ठेवणे चांगले आहे. नातलग असणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने धर्मादायास देणगी ठेवण्यावर जुन्या कायद्याचे ११८ वे कलम कडक अटी घालत असे. ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवले. परंतु शेतजमीन ठेवण्यापूर्वी वकिलास विचारावे, कारण शेतकरी नसलेल्यास शेतजमीन देण्यावर १९४८ च्या कूळकायद्याचे बंधन आहे. आणि ह्याहून मोठे बंधन प्रभूच्या मुखातील आहे. आईबापांना द्यावयाचे ते कुर्बान म्हणून देवाला वाहिले, असे सांगणाऱ्या परूश्यांना त्याने कठोर शब्दांनी दोष दिला. विधवेच्या तोंडचा घास काढून बांधलेली घंटा देवाच्या कानी गोड लागत नाही. पाळकांनी व उपदेशकांनी आजाऱ्याच्या खाटेशी बसून मंडळीसाठी मृत्युपत्र लिहून घेऊ नये. लिहून घेतलेच तर निदान आपण साक्षीदार होऊ नये व घरच्यांना ते उघड वाचून दाखवावे.

खोट्या कागदाविषयी एक शब्द. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलांचे वतन देणार नाही असे नाबोथाने म्हटले, तेव्हा ईजबेलीने राजाच्या नावे पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर केली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. कागद नियमाप्रमाणे होता, मोहर खरी होती, साक्षीदारही दोनच होते. तरी तो खून होता. बहिणीच्या अज्ञानावर घेतलेला अंगठा, शुद्ध हरपलेल्या बापाचा धरून उमटवलेला हात, गाळलेले वारसाचे नाव, हे सर्व नाबोथाच्या मळ्याच्या वाटेवर आहे. तलाठ्याला ते कळणार नाही. एलीयाच्या देवाला ते कळते.

वाटणी करणारा कोण?

लूकाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य प्रभूजवळ येऊन म्हणतो की, माझ्या भावाला वाटणी करावयास सांगा. प्रभूने ते नाकारले. त्याने वाटणीला वाईट म्हटले नाही. तो त्या मनुष्याच्या अंतःकरणातील लोभाकडे वळला व त्याने कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला दिला. त्या धनवानाने धान्याची व्यवस्था केली, परंतु ते कोणाचे होईल ह्याचा विचार केला नाही. आणि तोच प्रभू वधस्तंभावर असताना, घरदार काही नसताना, आपल्या आईकडे व प्रिय शिष्याकडे पाहून आईची सोय करून गेला. ज्याने वाटणी करण्याचे नाकारले त्याने जबाबदारी नाकारली नाही. कायदा शेताचे वाटे करतो. भावांची मने तो जुळवू शकत नाही. ते काम बापाने जिवंतपणी करावयाचे आहे.

म्हणून, घरच्या कर्त्या पुरुषांनो व बायांनो, येत्या आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा. सातबारा व आठ-अ काढा आणि त्यांवर कोणाची नावे आहेत ते मोठ्याने वाचा. कर्जाची यादी करा. सर्व मुलांना, मुलींनाही, बोलवा आणि तुमच्या मनात काय आहे ते त्यांच्यासमोर सांगा, त्यांचेही ऐका. मग जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने कागद करा आणि तो कोठे ठेवला आहे हे एकाहून अधिक माणसांस कळू द्या. उपदेशकबंधूंनो, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या घरी तुम्ही जा. कागद त्यांना दोनदा वाचून दाखवा, आणि त्यांच्या वाट्यातील एक वावही तुमच्या मनात येऊ देऊ नका.

सर्वांचा स्वर्गीय पिता, ज्याने आपल्या सर्व लेकरांना, पुत्रांना व कन्यांना, एकाच वतनाचे वारस केले आहे, तो आपणांस आपल्या लेकरांशी तसेच वागण्याची बुद्धी देवो. आपली शेते भांडणापासून व आपली अंतःकरणे लोभापासून राखो. आणि आपण मातीत जाऊ त्या दिवशी आपल्यामागे आपली लेकरे एकाच मेजावर बसलेली असोत. आमेन.